वाढायचा मान

मी डाव उचलला आणि श्रीनिवासच्या पानावर सारु, म्हणजे इथलं पातळ सार, वाढलं. भाताला आळं करून ठेवलं होतं त्याने, बरोबर त्यात. त्याने हात मागे घेतला. मला वाटलं चटका बसला. पुढच्या पानाकडे वळलो तर तिथला हातही टेबलाखाली गेला. त्याच्या पुढचाही.

"थांब," अण्णा म्हणाले.

ते टेबलाच्या टोकाला त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत नुकतेच येऊन बसले होते. आवाज चढलेला नव्हता. अण्णांचा आवाज कोर्टातही चढत नसे. हसून म्हणाले, "आज सगळे बाहेर जाऊ या. माझ्याकडून. याचा पहिला मॅटर आहे उद्या. पार्टी नको काय?"

सगळे उठले. सकाळपासून फाइलींत डोकं घालून बसलेली, भुकेने कावलेली तरणीताठी माणसं वाढलेल्या पानावरून उठली. अण्णा, मग या जेवणाचं काय, असं एकानेही विचारलं नाही. श्रीनिवासने तर पान दुमडलं. सारु गळू नये म्हणून कडा नीट आत घेतल्या आणि पान टोपलीत टाकलं, माझ्याकडे न बघता. मी डाव धरून उभा. आणि हसत होतो. पार्टी म्हणाले ना, म्हणून हसत होतो. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

नव्वदच्या दशकातलं बंगळूर. बसवनगुडीत अण्णांचं घर. पुढच्या खोल्यांत चेंबर, मागे संसार. अण्णा मोठे वकील. इथल्या जुन्या मराठी घराण्यातले, इतके जुने की त्यांची मराठी निम्मी कन्नड झालेली. मी नागपूरचा. कायदा शिकायला आलो नि इथेच राहिलो, राजाजीनगरात एका गॅरेजवरच्या खोलीत. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात मी कुणाशी तरी मराठीत बोलत होतो, ते ऐकून अण्णा थबकले. "मराठी काय रे तू? ये की चेंबरला." परक्या गावात आपल्या भाषेत कुणीतरी ये म्हटलं. मी गेलो.

पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आम्ही बौद्ध. आजोबांचा जन्म गावकुसाबाहेर गेला, बाप शिकला, मी वकील झालो. लपवाछपवी मला जमत नाही. आमच्या घरात ती कुणी शिकवलीही नाही. अण्णा म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. इथे जात कोण बघतो? इथे ड्राफ्ट बघतात." या वाक्यावर मी दोन वर्षं जगलो. खोटं कशाला बोलू, खूप सुखात जगलो.

तेव्हा नव्या वकिलाला पगार असा नसायचाच. सीनियरकडे शिकायला मिळतं, हाच पगार. पण अण्णांच्या चेंबरला जेवण मिळायचं, तेही घरचं. अक्का, म्हणजे अण्णांची बायको, स्वतः रांधायच्या. भात, सारु, सांबारासारखी हुळी, एखादी भाजी, ताक. बाकीच्या चेंबरमधली पोरं आमचा हेवा करायची. त्यातली गोम मला उशिरा कळली. जो माणूस तुम्हाला घरचं जेवायला घालतो त्याला, मी घरी कधी जाऊ, असं विचारता येत नाही. सकाळी यायचं, कोर्टात जायचं, कोर्टातून पुन्हा चेंबर, जेवण झालं की पुन्हा काम. रविवारची सुट्टी नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला मी पाहुण्यासारखा गेलो. लग्न लागलं आणि निघालो, कारण सोमवारी अण्णांना एक अपील तयार हवं होतं. बहीण रुसली. मी तिला म्हटलं, तुला नाही कळायचं, माझ्यावर फार जबाबदारी आहे.

रविवारच्या जेवणाला एक रीत होती. सोमवारी ज्याचा ड्राफ्ट कोर्टापुढे जाणार, त्याने सगळ्यांना वाढायचं. अण्णांनासुद्धा. वाढायचा मान म्हणत त्याला. मग बाकीचे त्याची टर उडवायचे, जजसाहेबांनाही असंच वाढ बाबा, हात आखडू नको. एवढीच काय ती आमची गंमत.

माझे ड्राफ्ट बरेचदा जायचे. बढाई नाही मारत, अण्णाच सांगायचे सगळ्यांना. पण मी उठायला लागलो की त्यांचा हात वर व्हायचा. "तू बस रे. आठवडाभर खपलास. श्रीनिवास वाढेल." मी बसायचो. लाडका आहे म्हणून बसायचो. पुढे पुढे तर उठायचंही सोडून दिलं. श्रीनिवास माझ्या शेजारच्या टेबलावरचा, माझा दोस्त. तो माझ्या पानावर भात वाढायचा आणि मी ऐटीत म्हणायचो, "स्वल्प, स्वल्प." तो मान खाली घालून वाढायचा.

एसटीडी बूथवरून आईला फोन केला तेव्हा हेसुद्धा सांगितलं. मला उठूसुद्धा देत नाहीत, म्हटलं.

आईने विचारलं, "सगळ्यांनाच का तुलाच?"

"मलाच."

ती गप्प झाली. मला वाटलं लाइन कटली. मग म्हणाली, "तब्येतीला जप." मी इतका फुशारलेलो होतो की ती गप्प का झाली हे मनातही आलं नाही.

अक्का मागच्या दाराने भांडी आणून ठेवायच्या. मी दिसलो की विचारायच्या, "पाठ कशी आहे रे?" दिवसभर खुर्चीत वाकून कुणाची पाठ दुखत नाही? मी म्हणायचो, बरी आहे अक्का. मला वाटायचं, बघा, आईसारखी चौकशी करतात.

तर तो रविवार. एका म्हाताऱ्या शिंप्याला दुकानमालक बाहेर काढू बघत होता. आम्ही शिंप्याचे वकील. अर्ज मी लिहिला होता, आणि शनिवारी अण्णा म्हणाले, "सोमवारी तूच उभा राहा. मी मागे बसतो." दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे. कोर्टात उभं राहून, स्वतःच्या तोंडाने बोलणं. रविवारी जेवायला बसताना अण्णा एका पक्षकाराला फाटकापर्यंत सोडायला गेले होते. हात वर करायला कुणी नव्हतं. आज तर माझाच मान, असं म्हणून मी उठलो. अण्णा परत येऊन बसेपर्यंत भात वाढून झाला होता आणि डाव माझ्या हातात होता.

पुढचं सांगितलंच.

सगळे बाहेर पडले. अण्णा म्हणाले, "तूही हो पुढे." मी गेलो नाही. विचारलं, "अण्णा, काय चुकलं माझं?"

"तुझं काही नाही रे. बस." मी बसलो नाही. ते म्हणाले, "हे बघ. हीच भांडी आत जातात. उरलेलं घरात खातात. अक्काचं सोवळं फार कडक. मी मानतो काय यातलं काही? पण बायकांना कोण सांगणार?"

मला एकदम सगळे रविवार आठवले. म्हटलं, "म्हणजे मला बस म्हणायचात ते यासाठी?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून," अण्णा म्हणाले. अगदी मायेने म्हणाले. "दोन वर्षं किती सांभाळलं मी. तुला कळू तरी दिलं काय? तुझाच मान राखला."

कुणी तोंडावर शिवी दिली असती तर मी शिवी परत दिली असती. आमच्या आजोबांना निदान लांबूनच कळायचं, कुठे थांबायचं ते. मला खुर्चीत बसवून, कौतुक करून, हसवून लांब ठेवलं. आणि मी त्या लांब ठेवण्यावर खूश होतो, घरी फोन करून सांगत होतो. माझा विश्वास त्यांनी घेतला आणि त्याचंच कुंपण केलं. मला रडू येत होतं. त्यांच्यासमोर रडायचं नाही एवढंच मी ठरवलं.

तेवढ्यात मागच्या दाराने अक्का भांडी न्यायला आल्या. भरलेली पातेली बघून दचकल्या. "का रे, कोणीच जेवलं नाही? खारट झालं काय स्वल्प?"

अण्णा म्हणाले, "तू आत जा."

"वाढलं कोणी?"

"मी वाढलं, अक्का," मी म्हटलं.

"तू कशाला उठलास? पाठीचं दुखणं तुझं. हे म्हणाले होते, त्याला वाकवत नाही, त्याला वाढायला उठवू नका म्हणून."

मी अण्णांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. बायकांना कोण सांगणार म्हणे! बाईला काही सांगितलंच नव्हतं. सोवळं त्यांचं होतं. बायकोच्या पदराआड लपवलं होतं, आणि ते झाकायला माझ्या धडधाकट शरीराला दुखणं चिकटवलं होतं.

"मला काही दुखणं नाही, अक्का," मी म्हटलं. "मी महार आहे. गावात आम्हाला तेच म्हणत. माझा हात लागला म्हणून हे सगळे उठले."

अक्का भांड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर..." आणि थांबल्या. सांगितलं असतं तर काय, ते मी विचारलं नाही. त्यांनी पातेली उचलली नाहीत. तशाच आत गेल्या.

मी शिंप्याची फाइल आणून अण्णांपुढे ठेवली. "उद्या मी उभा राहणार नाही. तुमच्या नावाखाली तर नाहीच."

ते पहिल्यांदा चिडले. "एका जेवणावरून करिअर घालवतोस काय? कोण घेणार तुला? असं घरचं जेवण देणारं चेंबर बंगळूरात दाखव एक. उद्यापासून तुला हॉटेलातून मागवू. तुझ्या आवडीचं. मटण खा पाहिजे तर."

म्हणजे चूक कळलीच नव्हती. त्यांना वाटलं मी अन्नावर रुसलोय. मी म्हटलं, "अण्णा, मला जेवण नको. सगळे परत आले की त्यांच्यासमोर सांगा, मला दोन वर्षं का उठू दिलं नाही. तुमच्या तोंडाने सांगा. मग मी उद्या उभा राहतो."

अण्णा. कोर्टात ज्यांच्या तोंडचा शब्द कधी अडत नसे ते अण्णा. फाइलीची नाडी सोडून पुन्हा बांधत बसले. मी चपला घातल्या.

श्रीनिवास फाटकाशीच भेटला. सगळ्यांच्या मागे रेंगाळला होता. आम्ही दोघं इंग्रजी-कन्नडची खिचडी बोलायचो, त्यातच त्याला विचारलं, तुला माहीत होतं?

"सगळ्यांनाच," तो म्हणाला. "अण्णांनी तू आलास त्याच आठवड्यात सांगितलं होतं." मग म्हणाला, "तू खूश दिसायचास. म्हणून कुणी बोललं नाही."

अण्णांनी दगा दिला, ते सीनियर होते, मोठे होते. पण याच्याबरोबर मी एका चहाचे दोन करून प्यायलो होतो. माझ्याकडून त्याने किती अर्ज तपासून घेतले. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, खूश दिसायचास. तरी मी त्याला फाटकाशी उभं राहून शिंप्याच्या केसमधली कच्ची बाजू समजावून सांगितली, कारण सोमवारी तोच उभा राहणार हे उघड होतं आणि त्यात शिंप्याचा काय दोष? तो मान हलवत ऐकत होता. सॉरी म्हणाला नाही. मीही थांबलो नाही.

सोमवारी मी कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसलो. श्रीनिवासने माझा अर्ज वाचला. माझी वाक्यं, माझे मुद्दे. दुकान वाचलं. अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मी बाहेर आलो आणि व्हरांड्यात उभा राहिलो, ज्याला वकील परवडत नाही त्याची वाट बघत. त्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण आले. हळूहळू येत गेले. आज माझं काम आहे, चेंबर आहे, त्यावर पाटी आहे, आणि पाटीवर माझं आडनाव मोठ्या अक्षरांत आहे.

हे सगळं मी गिळून बसलो असतो. पण अलीकडे वकिलांनी अण्णांचा सत्कार केला. म्हातारे झालेत. माइकसमोर म्हणाले, "माझे ज्युनियर माझ्या घरचं अन्न खाऊन मोठे झाले. आमच्या पंगतीला भेद नव्हता." टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत श्रीनिवास होता, तोही टाळ्या वाजवत होता. मागून मी हात वर केला. सूत्रसंचालकाने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. नंतर दोघं-तिघं जवळ येऊन म्हणाले, जाऊ दे ना आता, त्यांचं वय बघ.

वय मी बघितलं. माझंही बघितलं. त्यांचं वाक्य आता छापून येईल, मग ते खरं होईल, आणि मी कुणीतरी उपकार विसरलेला माणूस ठरेन. म्हणून हे लिहिलं आहे. भेद होता. मी तिथे होतो, मी साक्षीदार आहे, आणि हे शपथेवर सांगतो आहे. मला माफी नको, समेट नको. ज्याला मला खोटं ठरवायचं असेल त्याने माझी उलटतपासणी घ्यावी, मी हजर आहे. जिथे जिथे ते वाक्य कुणी बोलेल तिथे मी उभा राहून हे सांगणार. अण्णा असताना सांगणार आणि ते गेल्यावर त्यांच्या शोकसभेतही सांगणार.