कानबाईच्या रोटातली वरची मूठ

नातीच्या शाळेत मी जून महिन्यात गेलो होतो. पोरगा अन् सून कपाशीच्या लागवडीला गेलेले, मग पालकांच्या सभेला घरातून मीच उरलो. सातवीचा वर्ग. बाक लहान, गुडघे मावेनात. समाजशास्त्राच्या बाई तरुण होत्या. वर्षभरात काय शिकवणार ते त्या सांगत होत्या: गावाचा नकाशा, बाजार, ग्रामपंचायत, समता, अन् घरोघरच्या चालीरीती. खिडकीतून ऊन येत होतं, वर पंखा घरघरत होता. मला गुंगी आली. बाईंचा आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा लांबून येत होता, अन् माझी बायको शेजारच्या बाकावर पदर सावरून बसली आहे असं वाटत होतं. ती असती तर तीच आली असती. तिला अशा ठिकाणी जायची हौस. मला नाही.

मग बाई म्हणाल्या, "माझी मुलांकडून एकच अपेक्षा आहे. प्रत्येकानं घरातली एक रीत निवडायची आणि ती तशी का आहे ते मोठ्यांना विचारायचं. 'पहिल्यापासून असंच आहे' हे उत्तर मी घेणार नाही."

मी जागा झालो. आम्ही शाळेत गेलो ते जेमतेम तिसरीपर्यंत, अन् मास्तरांची अपेक्षा गप्प बसण्याची असायची. ती मी पुरी केली.

नातीनं कानबाईचे रोट निवडले. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, आम्हा खानदेशातल्यांची देवी, अन् तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या म्हणजे रोट. सोनगीरकडच्या आमच्या गावात सगळी भाऊबंदकी त्यासाठी गोळा होते. गेल्या साली बसली नाही, घरात दुःख होतं. यंदा बसवायची ठरली. भुसावळहून धाकटा भाऊ आला, रेल्वेतून रिटायर झालेला, अन् त्याची बायको. ती देवाधर्माची कडक. मी तिचा जेठ, म्हणून लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याशी सरळ बोललेली नाही. बोलायचं झालं तर भिंतीला सांगते, नाहीतर पोरांना.

रोटाचे गहू मोजायची रीत अशी. घरातल्या पुरुषांची नावं घ्यायची, अन् एकेका नावानं सुपात मूठ टाकायची, वर शकुनाचं थोडं, सव्वाचं. एकदा सुपात पडलेला दाणा परत पोत्यात जात नाही. त्याचं पीठ होतं, रोट होतो, अन् तो घरच्यांनीच संपवायचा. परक्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. मुठी थोरल्यानं टाकायच्या, म्हणजे मी. सूप इतकी वर्षं माझ्या बायकोनं धरलं. यंदा सुनेनं धरलं.

नात वही घेऊन बसलेली. "आबा, पुरुषांचीच का मोजायची?"

"वंश त्यायनाथीन चालस म्हनीसन," भाऊ म्हणाला.

"एकट्या पुरुषांमुळे?" पोरगी म्हणाली. सून तोंड फिरवून हसली.

भावजय भिंतीला म्हणाली, "बाया मोजाले लागूत ते गहू पुरावत नईत. लिखी ले तुनी वहीमा."

हसणं झालं. मी नावं घेऊ लागलो. माझं, भावाचं, पोराचं, पुतण्यांचं. गव्हाचा थंडपणा हाताला लागत होता, सुपातून बारीक धूळ उठत होती, अन् सुनेच्या बांगड्या वाजत होत्या. त्या बांगड्या माझ्या बायकोच्याच. सासूच्या म्हणून सुनेनं घातलेल्या. मी खाली बघत होतो, मला तेवढे हातच दिसत होते. नावं संपली. हात थांबला नाही. पोत्यात गेला अन् भरून आला, अन् सुपात रिता झाला. मला कळलंच नाही. म्हणजे बरं वाटलं एवढं कळलं.

"भाऊ," धाकटा म्हणाला, "एक जास्ती पडनी."

सुनेनं सूप तसंच धरून ठेवलं.

"इचार वं माय तुना आबाले," भावजय नातीला म्हणाली, "हाई मूठ कोना नावनी शे?"

भाऊ मला वाचवायला बघत होता. "येनारा नातूना नावनी म्हनी दे ना भाऊ. काय बिघडस?"

सोपं होतं. सगळे खुश झाले असते, कानबाईसुद्धा. पण तसं म्हटलं की ती मूठ कुणा जन्माला न आलेल्या पोराची झाली असती, अन् माझी बायको पुन्हा कुठेच नाही. तिचा फोटो आहे घरात, माळ आहे. पण घरातल्या माणसांत ती मोजली गेली असं एक ठिकाण मला आठवेना. मी तिचं नाव घेतलं. मोठ्यानं. तिच्या माघारी पहिल्यांदाच तोंडातून निघालं.

भावजयीनं कपाळाला हात लावला. "मरेल मानूसनी मूठ जित्तासमा टाकतस का? इचार तुना आबाले!"

"जित्ती व्हती तवय तरी कोनी टाकी?" मी म्हणालो. "अन् मी आठेच समोर बसेल शे. मालेच इचार."

बाहेर बकरी ओरडली. भाऊ उठून जाईल असं वाटलं, अन् तो उठला असता तर कानबाई मोडली असती, भाऊबंदकीही. सुपातल्या त्या मुठीचा वेगळा ढीगही राहिला नव्हता. ते गहू सगळ्या गव्हांत मिसळले होते. काढायचे म्हटले तरी कोणते काढणार?

भावजय पुढे सरकली. सुनेच्या हातातलं सूप तिनं आपल्याकडे ओढलं. डोक्यावरचा पदर होता तसाच, पण नजर माझ्याकडे.

"मंग मनी बी टाका," ती म्हणाली. "मी मरानी वाट कसाले देखतस?"

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मी मूठ टाकली, तिचं नाव मला नीट माहीत नव्हतं, भावानं सांगितलं. मग सुनेची. मग पोरगी वही टाकून आली अन् म्हणाली, "माझी मीच टाकते," अन् तिची मूठ एवढीशी, तर भावजय म्हणे, "भरीसन टाक, आते लाजस का?"

रोट झाले. खीर झाली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी झाली. पीठ एवढं की खाऊन खाऊन कंटाळा यावा. शिळा रोट दगडासारखा होतो अन् मला दात नाहीत, तो मी दुधात बुडवून खात बसलो ओट्यावर, डोळे मिटून, घाई न करता.

नात विचारायला आली, "आबा, बाईंना कारण काय सांगू?"

"सांग, आबाचा हात चुकला."

"आणि बाकीच्यांच्या मुठी?"

"ते तुझ्या भुसावळच्या आजीला विचार," मी म्हणालो. "ती आता बोलते माझ्याशी."