ऐकू जाणारं घर

पडदेवाल्या काकूंना घर दाखवायचं म्हटलं की दलाल कपाळाला हात लावायचे. लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायची, पडदे शिवायचे आणि स्टुलावर चढून टांगून द्यायचे, हा काकूंचा धंदा. त्यामुळे घरं आतून कशी असतात ते त्यांना दलालांपेक्षा जास्त कळायचं. त्या कपाट सरकवून मागची ओल बघायच्या. संडासात पाणी सोडून टाकी किती वेळात भरते ते बघायच्या. मग खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी गप्पा छाटत उभ्या राहायच्या, आणि थोड्याच वेळात अख्ख्या इमारतीची कुंडली त्यांच्या हातात यायची. कोण भांडकुदळ, कुणाचं भाडं थकलेलं, कुठला भाडेकरू रातोरात का गेला, सगळं. नात्यागोत्यातलं कुणीही काकूंना विचारल्याशिवाय भाड्याच्या करारावर सही करत नसे.

लेकीचं लग्न झालं तेव्हा तिच्यासाठी घर अर्थातच काकूंनी शोधलं. आणि काय घर शोधलं! सगळ्यात वरचा मजला, जुन्या बांधणीच्या हातभर जाड भिंती, समोरच्या दाराला कायमचं कुलूप. "आत ढोल बडवला तरी बाहेर कळायचं नाही," असं त्या येईल त्याला कौतुकाने सांगायच्या. जावयालाही घर फार पसंत पडलं.

काही वर्षांनी एका सकाळी लेक एका पिशवीनिशी परत आली. तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांनी कानात दिवा धरून बघितलं आणि कानाचा पडदा मार लागून फाटलाय, तोही एकदाच नाही, असं सांगितलं.

काकूंनी जावयाला शिव्या दिल्या, त्याच्या आईला दिल्या, आणि सगळ्यात जास्त त्या भिंतींना दिल्या. पोर आत जिवाच्या आकांताने ओरडत असेल आणि ऐकायला कुत्रं नाही, असलं घर आपण पारखून तिच्या गळ्यात बांधलं, हे काही केल्या त्यांच्या मनातून जाईना. तिथे काय काय झालं ते त्यांनी लेकीला विचारलं नाही. विचारायची हिंमतच नव्हती. तीही आपणहून काही बोलली नाही. काकू एवढंच करायला शिकल्या की चालताना नेहमी तिच्या उजव्या बाजूला राहायचं.

दोघी काकूंच्या पडद्यांच्या दुकानामागच्या खोलीत राहू लागल्या, तसा जावई रस्त्यापलीकडे स्कूटर लावून उभा राहायला लागला. करायचा काही नाही, नुसता बघायचा. नुसतं उभं राहणं हा काही गुन्हा नाही, असं पोलिसांनी समजावून सांगितलं. काकू दिवसभर मापं घेत गावभर फिरायच्या आणि लेक शिलाई मशीनवर एकटी. काकूंचा जीव सारखा टांगणीला. घर बदलायलाच हवं होतं, आणि तेही असं, की उद्या तो दार फोडून आत आला तर तिची हाक चार घरांत जाईल आणि त्यातलं एक तरी माणूस धावून येईल.

दलालाला याची गंधवार्ता नव्हती.

"काकू, हे बघा, एकदम शांत वस्ती!"

"नको."

"अहो, शांततेसाठी लोक जास्त भाडं मोजतात!"

"मग त्यांना दे."

शेवटी वैतागून त्याने एक खुराडं दाखवलं. पलीकडच्या घरातलं शिंकणं ऐकू यायचं. काकू खूश. त्यांनी त्याला कसलंतरी निमित्त करून खाली पिटाळलं, रिकाम्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "वाचवा!"

शेजारचा टीव्ही गप्प झाला. काकूंनी दाराकडे नजर लावली. मग टीव्ही पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा मोठ्याने.

काकूंनी किल्ली परत दिली. असंच आणखी दोन ठिकाणी झालं. एका ठिकाणी तर दाराच्या भिंगामागे डोळा हललेला त्यांना दिसला, पण दार काही उघडलं नाही.

मग छापखान्यामागची ती इमारत आली. भिंती पुठ्ठ्यासारख्या, रंगाचे पोपडे निघालेले. त्या दिवशी लेकही बरोबर होती. तिला आणि दलालाला खालीच ठेवून काकू एकट्या वर गेल्या आणि ओरडल्या. हाक पुरती संपायच्या आत समोरचं दार धाडकन उघडलं. एक बाई ओला फडका हातात घेऊन आत घुसली. "कोण आहे? काय झालं?"

"काही नाही हो," काकू म्हणाल्या. "झुरळ होतं."

"झुरळासाठी एवढं? माझं काळीज तोंडाशी आलं ना!"

काकूंना त्या बाईला कडकडून मिठी मारावीशी वाटली. सापडलं होतं घर! लेकीला सांगायला त्या बाहेर आल्या, तर ती जिन्याच्या मधल्या पायरीवर कठडा धरून बसलेली. चेहरा पांढराफटक.

"आई, का ओरडलीस?"

काकू तिच्या उजव्या बाजूला बसल्या आणि पहिल्यांदाच सगळं बोलून मोकळ्या झाल्या. ते जाड भिंतींचं घर, त्यांची चूक, हाक ऐकून मोठे केलेले टीव्ही, सगळं. "आता तसं होणार नाही गं. तू इथे ओरडलीस की माणूस येतं. मी बघितलं."

लेकीने कठडा सोडला.

"मी कधी ओरडलेच नाही, आई."

"म्हणजे?"

"ओढणीचा बोळा तोंडात धरायचे. खालच्यांना ऐकू गेलं तर काय म्हणतील! तूच सांगायचीस ना, काहीही झालं तरी घरातलं बाहेर जाऊ द्यायचं नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. शिलाईचा हिशोब सांगावा तसं ती सांगत होती. "तुझ्या भिंती बिचाऱ्या काय करणार?"

हे काकू खरंच सांगायच्या. लहानपणी, वयात येताना, लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा.

दलाल कागद घेऊन वर आला. "काकू, करताय ना सही?"

"थांब."

त्यांनी लेकीचा हात धरून तिला रिकाम्या खोलीत नेलं. स्वतः बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. समोरची बाई उंबऱ्यात उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिने आत जाऊन वाहता नळ बंद केला आणि परत येऊन उभी राहिली.

"ओरड," काकू म्हणाल्या.

आत पावलं वाजली. मग काहीच नाही. दलालाने पेनचं टोपण काढलं, परत लावलं. मग आतून काहीतरी आलं, घसा खाकरल्यासारखं.

काकूंनी समोरच्या बाईकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली.

काकूंचे डोळे वाहत होते. त्यांनी दाराला तोंड लावलं.

"ऐकू नाही आलं गं, बाळा. परत."