कोरी ठेवलेली तारीख

डार्सी कॉम्प्टनचा विषय निघाला की आमच्या गल्लीतल्या बायका आवाज खाली आणतात, आणि मी दिसले की गप्पच बसतात. बसू देत. डावा हात लुळा पडला म्हणून माझे कान गेलेले नाहीत. त्या काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि खोटं म्हणत नाहीत हेही ठाऊक आहे.

आमचं नॉरफोक म्हणजे अमेरिकन आरमाराचं गाव. गल्लीतल्या निम्म्या घरांतला माणूस कायम समुद्रावर. माझा नवरा तीस वर्षं बोटीवर होता. तो गेला, पण मी इथेच राहिले, कारण दुसरीकडे कुठे मला कोण विचारणार? इथे नव्या बायका माझ्याकडे येतात. पगाराचा कागद कुठे द्यायचा, बोट लांबली तर कोणाला फोन करायचा, मला सगळं पाठ. आणि आमची एक समजूत आहे, ती मी प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगते: बोट धक्का सोडते आणि आठवड्याच्या आत घरातलं काहीतरी मोडतं. फ्रिज, गाडी, नळ, काहीतरी. हसू नका, मोजून ठेवलंय मी.

डार्सी लष्करी दुकानाच्या बेकरीत केकवर नक्षी काढायची. सत्तावीस वर्षांची, दणदणीत हसणारी, हातात पाना घेऊन स्वतःचं वॉशिंग मशीन स्वतः उघडणारी पोरगी. नवरा रॉइस विनाशिका युद्धनौकेवर मेकॅनिक. मुलगी टिली, चार वर्षांची, जिच्या बडबडीपुढे माझा रेडिओ हार मानायचा. रॉइसची बोट ऑक्टोबरात गेली. पाचव्या दिवशी त्यांचा गीझर फुटला. डार्सी पाणी पुसत म्हणाली, "सुटले एकदाची! या खेपेचं मोडायचं ते मोडून झालं."

जानेवारीत ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "मिस व्हर्ना, चिडणार नसाल तर एक सांगते."

"म्हणजे चिडण्यासारखंच आहे. बोल."

"मी भरती होतेय. आरमारात."

"डोकं फिरलंय का गं तुझं? घरातला एक समुद्रावर आहे तो पुरत नाही?"

"सात वर्षं मी केकवर दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं लिहितेय. माझं नाव कुठे आहे? मला इंजिनाचं काम येतं, रॉइसपेक्षा बरं येतं. त्यालाच विचारा."

"आणि टिली?"

"रॉइसची बोट मे महिन्यात येतेय. माझं प्रशिक्षण मार्च ते मे, दहा आठवडे. पुढे आम्हा दोघांना एकाच बंदरात ठेवायचा प्रयत्न करतात म्हणे."

"प्रयत्न! प्रयत्न तर माझा नवराही करायचा, सिगरेट सोडायचा. करारात लिहून दिलंय?"

"नाही."

"मग ते तुला मिळालेलंच नाही, असं धरून चाल."

ती हसली. मी रागावले होते, पण खरं सांगते, मला तिचा हेवाही वाटला. माझ्या वेळी असं कोणी विचारलं असतं तर मी गेले नसते का? पळत गेले असते.

आई आणि बाप दोघं नोकरीत असले की मूल कोणाकडे राहील याचा कागद द्यावा लागतो. एक नाव गावातलं, एक लांबच्या नातेवाइकाचं. गावातलं नाव माझं. आतापर्यंत मी अकरा घरांसाठी अशी सही केलीय, शेजारी वाटीभर साखर द्यावी तशी. आमच्यात सगळ्याच करतात. वेळ कधीच येत नाही, हे प्रत्येकीनं गृहीत धरलेलं असतं. दुसरं नाव रॉइसच्या आईचं, केंटकीच्या डोंगरात राहणाऱ्या ओपलबाईंचं. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "लेकरू मी सांभाळीन. निदान कोणाला तरी ते हवं आहे."

"म्हातारीची जीभ म्हणजे कात्री," डार्सी म्हणाली आणि विषय सोडून दिला.

नोटरीचा शिक्का मारून घ्यायला आम्ही दोघी गेलो. मुलीच्या सांभाळाचे अधिकार दुसऱ्याच्या हाती देणारे ते दोन कागद, एक माझ्या नावाचा, एक ओपलबाईंच्या. टेबलामागच्या माणसानं विचारलं, "कधीपर्यंत?" डार्सीनं मे महिन्याची एकतीस तारीख सांगायला तोंड उघडलं आणि मी, तीस वर्षं हेच बघितलेली शहाणी, मध्येच बोलले: "तारीख कोरी ठेव पोरी. बोट कधी वेळेवर आलीय का? तारीख उलटली तर दवाखानासुद्धा मूल बघत नाही. मग नवा कागद कोण करणार, समुद्रावरून?"

हे आमच्यातलं जुनं शहाणपण. मला सासूनं शिकवलं होतं, मी पन्नास जणींना शिकवलं. त्या माणसानं चष्म्यावरून बघितलं. "नक्की?"

"मिस व्हर्ना म्हणतात म्हणजे नक्की," डार्सी म्हणाली.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नव्हती. फेब्रुवारीत दोनदा माझ्या डाव्या हातातून तवा निसटला होता. दोन्ही वेळा अर्धा तास हात माझा नव्हताच, मग आपोआप ठीक झाला. सांगितलं असतं तर डार्सीला दुसरं नाव शोधावं लागलं असतं, आणि गावात दुसरं कोणी नव्हतं. शिवाय घरात एक चार वर्षांची पोर येणार होती. नऊ वर्षांनी माझ्या टेबलावर दुसरी थाळी लागणार होती. मी बोलले नाही.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी डार्सी गेली. दहा दिवसांनी खोकं आलं. प्रशिक्षणाच्या तळावर पोचल्यावर अंगावरचे कपडे उतरवून खोक्यात घालून घरी पाठवतात, ते हे खोकं. आत तिची जीन्स, बूट आणि जांभळा स्वेटशर्ट. टिलीनं स्वेटशर्टात तोंड खुपसलं आणि विचारलं, "मम्मा कपड्यांशिवाय कुठे गेली?" मी सांगितलं, तिला नवे मिळाले. टिलीला ते पटलं नाही. त्या दिवसापासून ती स्वेटशर्ट घालूनच झोपायची, बाह्या जमिनीला लागायच्या. धुवायला द्यायची नाही. "मम्माचा वास जाईल," म्हणायची.

एप्रिलात रॉइसच्या बोटीचा मुक्काम वाढला. मे नाही, ऑगस्ट. मी कॅलेंडरवर मधले महिने मोजले. मग आठवलं, डार्सी गेल्यापासून घरातलं काही मोडलेलं नाही. फ्रिज चालतोय, गाडी चालतेय. मी उगाच नळ तपासले. तिसऱ्या दिवशी दुपारी, टिलीसाठी चीज सँडविच भाजताना, मीच मोडले.

जमिनीवर पडून मला सगळं ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. टिलीनं आधी मला हलवलं. मग तो स्वेटशर्ट आणून माझ्यावर पांघरला. मग कोरडे कॉर्नफ्लेक्स माझ्या ओठांपाशी ठेवले, एकेक दाणा. सँडविच करपत होतं. दोन तासांनी धूर बघून समोरची बाई आली. घर जळलं असतं. पोर जळली असती. हे मी अजूनही रोज एकदा म्हणते, मोठ्यानं.

कागद आपलं काम करायला लागला. दुसऱ्याच दिवशी ओपलबाई नऊ तास गाडी चालवून आल्या आणि टिलीला, त्या स्वेटशर्टासकट, घेऊन गेल्या. त्यांनी चुकीचं काही केलं नाही. दवाखान्यात माझ्या उशाशी येऊन म्हणाल्या, "आमच्या नातीपायी तुम्हाला फार त्रास झाला." तेवढं बोलून गेल्या.

डार्सीला तातडीचा निरोप पाठवायला समोरच्या बाईनं असे निरोप घेणाऱ्या कचेरीत फोन केला. तिथे पहिला प्रश्न, आजारी माणूस मुलीची कोण? शेजारीण. शेजारीण म्हणजे कोणी नव्हे. आणि मूल सुखरूप आहे, आजीकडे आहे, मग तातडी कसली? डार्सीला कळलं ते साध्या पत्रानं, तीन आठवड्यांनी.

तोवर ओपलबाई तिकडच्या कोर्टात जाऊन आल्या होत्या. न्यायाधीशापुढे दोन गोष्टी ठेवल्या: बाप समुद्रावर, आणि आईनं स्वतःच्या सहीनं मूल दिलंय, परत कधी नेणार याची तारीखसुद्धा न लिहिता. कोरी जागा बोटानं दाखवली म्हणे. पुढची सुनावणी होईपर्यंत ताबा आजीला मिळाला.

प्रशिक्षण संपल्यावर डार्सीला चार दिवसांची रजा मिळाली. ती सरळ केंटकीला गेली, गणवेशातच. परत येताना माझ्याकडे उतरली आणि सगळं सांगितलं, एकसुरी आवाजात, जणू दुसऱ्याच कोणाचं.

टिली ओपलबाईंच्या गुडघ्यामागे लपली. डार्सीचे केस कापलेले, टोपी, पांढरा पोशाख. पोरीनं ओळखलं नाही.

"बघ, घाबरवलंस तिला," ओपलबाई म्हणाल्या.

"मी तिची आई आहे."

"मी कुठे नाही म्हणते? पण तू आज आहेस, उद्या कुठे असशील?"

"तो कागद मी रद्द केलाय. लेखी."

"आता कागद तुझा नाही, कोर्टाचा आहे. उचलून नेलंस तर मी पोलीस बोलावीन, आणि मग तो गणवेशही जाईल."

डार्सीनं तिथूनच रॉइसला फोन लावायचा प्रयत्न केला. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला. आई म्हणते ते सध्यापुरतं बरोबर आहे, टिलीला एका जागी राहू दे. सध्यापुरतं! आईच्या पदराआडून बोलायला सात समुद्र पार जावं लागत नाही.

"चूक माझी," मी म्हणाले. माझी जीभ तेव्हा जड होती, दोनदा म्हणावं लागलं. तव्याचंही सांगितलं.

तिनं माझ्या लुळ्या हाताकडे बघितलं. "मला सांगायला हवं होतंत," म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला.

मग तिची बदली आली. नॉरफोक नाही. जपानमधलं योकोसुका, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. सुनावणी सप्टेंबरात. वकील म्हणाला, काळजी नको, तुम्ही समुद्रावर असताना खटला पुढे ढकलायचा हक्क कायदा देतो. डार्सीनं विचारलं, "आणि ढकलला की टिली कुठे राहते?"

"आहे तिथेच."

"आणि जितकी तिथे राहील तितकं न्यायाधीश म्हणणार, ती तिथे रुळलीय."

वकिलानं कागद सरळ केले.

निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे जेवायला आली होती. मी एका हातानं केलेले बीन्स तिनं खाल्ले. दुपारी टपालवाल्यानं पार्सल दिलं, केंटकीचं. आत जांभळा स्वेटशर्ट, नीट घडी घातलेला, वर ओपलबाईंची चिठ्ठी: "आता हा तिला लागत नाही. स्वच्छ धुऊन पाठवतेय."

डार्सीनं तो नाकाशी नेला. साबणाचा वास. पुन्हा पुन्हा हुंगत राहिली, बाह्या उलट्या केल्या, गळ्याची शिवण हुंगली, कुठे काही राहिलंय का बघत. मग खुर्चीत बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी तीस वर्षांत धक्क्यावर कधी ऐकला नव्हता.

परवा दोन घरं सोडून राहणारी नवी पोरगी कागद घेऊन आली. नवरा बोटीवर, तीही भरती होतेय. "मिस व्हर्ना, तुमची सही हवी होती. आणि तारीख कोरीच ठेवलीय हं, सगळ्या जणी तसंच सांगतात."

मी सही केली नाही. पेन मागितलं, तिच्यासमोर त्या कोऱ्या जागेत तिच्या परतण्याची तारीख लिहिली, आणि म्हटलं, आता दुसऱ्या कोणाची तरी सही आण, जिचे दोन्ही हात चालतात. ती नाराज होऊन गेली. माझ्या खिडकीतून तिचं दार दिसतं. आज सकाळी तिची बाळगाडी ओसरीवरच उभी होती, म्हणजे बाळ अजून तिच्याच घरी.