यावलच्या लग्नातला दुसरा फ्लॅश

लग्नात मी एकटाच फोटो काढतो, याला चार वर्षं झाली. कॅमेऱ्यावर एक फ्लॅश आणि दुसरा स्टेजच्या कोपऱ्यात, स्टँडवर. पूर्वी तो दुसरा फ्लॅश माझा धाकटा भाऊ हातात धरायचा. मी नुसती मान हलवली की उजेड कुठून हवाय ते त्याला कळायचं. स्टँडला काय कळणार, कपाळ.

आमचं बोलणं बंद झालं ते आईच्या दहाव्याला. आई गेली तेव्हा तो पहूरला एका लग्नाचे फोटो काढत होता. दहाव्याला सगळ्या भाऊबंदांसमोर मी त्याला म्हणालो, "आई मरत होती आणि तू फोटो काढत होतास." तो जळगावचा आमचा स्टुडिओ सोडून धुळ्याला गेला. खरी गोष्ट अशी, की त्या सकाळी दवाखान्यात तोच थांबतो म्हणत होता. मीच म्हटलं होतं, "मी आहे ना इथं. तू जा, शब्द दिलाय आपण." हे मी कोणालाच सांगितलं नाही.

यंदा यावलला लग्न होतं. मला मुलीकडच्यांनी बोलावलं होतं. आमच्याकडे दोन्हीकडचे आपापला फोटोग्राफर आणतात, त्यामुळे स्टेजवर दुसरा कोणीतरी असणार हे धरलेलंच असतं. धुळ्याहून वऱ्हाडाची गाडी आली आणि तिच्यातून बॅग घेऊन माझा भाऊ उतरला. जरा वाळला होता. मला बघून त्याने लेन्स पुसायला घेतली. मीही लगेच वायरी गुंडाळायला लागलो, जशी काही त्यावाचून जगबुडी होणार होती.

त्यात कॅमेऱ्यावरून स्टँडवरचा फ्लॅश उडवणारा माझा रेडिओ ट्रिगर बंद पडला. मग स्टँडवरचा फ्लॅश स्लेव्ह मोडवर टाकला. म्हणजे समोर कुठलाही फ्लॅश चमकला की तोही त्याच क्षणी चमकतो. कुणाचा चमकला, हे त्याला कळत नाही. भावाने फोटो काढला की माझा फ्लॅश उडायचा. हार घालताना त्याने आधी बटण दाबलं, आणि माझी पाळी आली तेव्हा माझा फ्लॅश पुन्हा चार्ज व्हायचा होता. माझ्या फोटोत नवरी अर्धी अंधारात. असं तीनदा झालं. "जरा थांब," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझी अकड. दातओठ खात उभा राहिलो.

सप्तपदीला त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला. माझ्या स्टँडकडे बघत राहिला. फ्लॅश चार्ज झाल्याचा लाल दिवा लागला, तसं त्याने हनुवटीने मला खूण केली. मी फोटो काढला. लाल दिवा परत लागेपर्यंत तो थांबला, मग त्याने काढला. दुपारभर असंच चाललं, आधी मी, मग तो. त्याच्याही प्रत्येक फोटोला माझा फ्लॅश चमकत होता. खोटं कशाला बोलू, मला रडू येत होतं. डोळा कॅमेऱ्याला लावलेला होता म्हणून निभावलं.

शेवटच्या पंगतीत वरण-बट्टी वाढली. तो माझ्या शेजारी येऊन बसला. बट्टी कुस्करता कुस्करता म्हणाला, "भाऊ, सेल बदल. चार्ज व्हायला फार वेळ लागतो."

मी "हो" म्हटलं. मग घास तसाच हातात ठेवून म्हणालो, "त्या दिवशी पहूरला मीच पाठवलं होतं तुला."

"माले माहीत शे," तो म्हणाला. घरी आईशी अहिराणीत बोलायचो तसं बोलला. "दहाव्याले बठ्ठासना समोर बोलना व्हता तू. आते हाई मातर एकला मालेच सांगस?"

दहाव्याला सगळ्यांसमोर, आणि हे मात्र एकट्या त्यालाच. मी हातातला घास पानात परत ठेवला. त्याने पानातलं संपवलं, हात धुतले आणि जाऊन वऱ्हाडाच्या गाडीत बसला.

सगळ्या भाऊबंदांचे नंबर माझ्या फोनमध्ये आहेत. सांगायला कितीसा वेळ लागतो? अजून एकालाही फोन केलेला नाही.