शिट्टीकाकांचा रुसवा

शिट्टीकाका रागावले, ही बातमी अख्ख्या खानदानात पसरली, तेव्हा खुद्द शिट्टीकाका दुकानात एका कुकरचं झाकण मांडीवर घेऊन निवांत बसले होते. त्यांना यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं.

झालं होतं एवढंच. काका कुकर दुरुस्त करतात. जन्म गेला रबर, शिट्ट्या आणि निखळलेल्या दांड्यांमध्ये. बोटं अशी जाडजूड, की मोबाइलवर एक अक्षर दाबावं तर शेजारची दोन फुकट उमटतात. सकाळी घरच्या ग्रुपवरचा कुणाचा तरी व्हिडिओ बंद करायला गेले आणि भलतंच दाबून बसले. फोनने विचारलं, नक्की ना? काकांनी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही. त्यांनी 'हो' दाबलं आणि फोन खिशात टाकला.

तिकडे सगळ्यांच्या फोनवर ओळ उमटली, की काका ग्रुप सोडून गेले. झालं! जगाच्या शिट्ट्या सुधारणाऱ्या या माणसाची स्वतःची शिट्टी उभ्या जन्मात कधी वाजली नव्हती. त्यामुळे सगळ्यांचंच धाबं दणाणलं.

पहिला फोन वहिनींचा. "भावजी, तुमची शिडी आमच्याकडेच आहे हो. देऊ देऊ म्हणता राहूनच गेलं. पण म्हणून काय ग्रुप सोडायचा?" शिडी चोरीला गेली असं धरून काकांनी केव्हाच नवी घेतली होती. मग भाचेजावई. तुमच्या पायजम्याला हसलो ते मनाला लावून घेऊ नका, म्हणाले. ते हसले होते हे काकांना तेव्हाच कळलं. पुतणी तर रडायच्या बेताला आली. सगळ्यांच्या फोटोतून काकांचा अर्धा भाग तिनेच कापला होता.

"अगं, तसं काही नाही," काका म्हणत, आणि पलीकडच्याची खात्रीच पटे, की तसंच काहीतरी आहे.

"चोराच्या मनात चांदणं," काकू म्हणाल्या. "पण आता पुरे. बोट चुकलं म्हणून सांगून टाका."

"सांगतो की."

पण सांगेनात. पुतणी परत ग्रुपात घ्यायला निघाली, तर "राहू दे जरा" म्हणाले. कारण सगळ्यांचे फोन आले होते, ताईचा आला नव्हता.

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, राहते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पूर्वी दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. "काय रे, जिवंत आहेस का?" इथून सुरुवात, आणि मग चहा गार होईपर्यंत दोघांचं चालायचं. ग्रुप आला आणि फोन थांबला. त्याऐवजी रोज सकाळी एक गुलाब, त्यावर दवाचे थेंब, खाली सुविचार. काकांना त्या गुलाबाचं काय करावं कळेना, म्हणून ते काहीच करत नसत. आता सगळं खानदान विचारपूस करतंय तर ताईही करेल, एवढी भाबडी आशा होती बिचाऱ्याची. बोट चुकलं म्हणून सांगितलं, तर ती फोन कशाला करेल?

रविवार आला आणि कोरडा गेला. आता मात्र काका खरोखरच रुसले, आणि नेमकं तेच कुणाला कळलं नाही.

सोमवारी दुकानाच्या पायरीवर ताई उभी. पिशवीतून कुकर काढून तिने टेबलावर आदळला.

"शिट्टी होत नाही."

"फोन करायचास. मी आलो असतो घरी."

"कशाला? माझ्या फुलांना कंटाळून तर गेलास ना निघून!"

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला हवं? मी गुलाब टाकला आणि त्याच्याच खाली तू गेलास. रोज शोधून शोधून निवडते मी. एकाला तरी 'हूं' म्हणालास कधी?"

"अगं, ती फुलं सगळ्यांना असतात ना!"

"पाठवते सगळ्यांना. वाट तुझ्या उत्तराची बघते."

"मग रविवारचा फोन का बंद केलास?"

"नातू म्हणाला, आजी, हल्ली न विचारता असा फोन करत नाहीत, लोकांना त्रास होतो. म्हटलं, तूही कामात असशील."

"मला कसला डोंबलाचा त्रास!" काका असे ओरडले, की शेजारचा चष्मेवाला डोकावून गेला. "बोट चुकलं गं माझं! तुझा फोन येईल म्हणून गप्प बसलो. रविवारी फोन उशाशी घेऊन बसलो होतो!"

ताई मटकन स्टुलावर बसली. "गाढव आहेस," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

काकांनी कुकर उघडला. शिट्टी स्वच्छ होती. रबर नवं कोरं होतं. कुकरला काही म्हणता काही झालं नव्हतं. त्यांनी ताईकडे पाहिलं, तर ती रस्त्यावरची रहदारी बघण्यात फारच गुंतली होती. काकांनी शिट्टी काढली, रबर काढलं, दांड्याचे स्क्रू सोडवले आणि सगळं टेबलावर पसरून ठेवलं.

"मोठं काम आहे. वेळ लागेल."

"लागू दे," ताईने स्टूल पुढे ओढलं. "काय रे, जिवंत आहेस का?"