कोरडी पुडी

"पुडी दे, वरतून टाक. पानी तुह्या हातचं चालत नाही आमाले."

पाटलानं मला अंगणातच अडवून हे सांगितलं. मी पिशवीतून औषधाची पुडी काढली. पाटलाच्या गड्यानं धोतराचा सोगा पसरला. मी दोन हात उंचावरून पुडी सोडली. गड्यानं सोगा असा गोळा केला, जसा आत विंचू पडला.

घरात पाटलाची सून पटकीनं मरायला टेकली होती. जुलाब-उलट्यांनी अंगातलं सगळं पाणी गेलेलं. तिला पाणीच पाहिजे होतं, तेही शिरेतून. कोरड्या पुडीनं काय कपाळ होणार होतं तिचं!

मी तेव्हा नागपुरात डाक्टरी शिकत होतो. तिसरं वर्ष. उन्हाळ्याच्या सुट्टीत कळलं, धाड गावाकडं पटकीची साथ आहे आणि मिशनच्या दवाखान्याला स्वयंसेवक पाहिजेत. मी गेलो. आपलाच मुलूख. माझा बाप तिथल्याच बीबी गावाकडच्या खेड्यात मेलेली ढोरं ओढायचा. त्याचा पोरगा हातात डाक्टरी नळी घेऊन आला, की लोक बघतच राहतील, असं मला वाटलं होतं. शहाणाच होतो मी!

दवाखान्यात दुसराही एक विद्यार्थी होता, विलायतेचा. तोही तिसऱ्या वर्षाला, तोही स्वयंसेवक. दोन महिन्यांसाठी समुद्र ओलांडून आलेला. आमची पुस्तकंसुद्धा तीच. लोक त्याला छोटा साहेब म्हणायचे. मला म्हणायचे, साहेबाचा महार.

सकाळी मी चूल पेटवायचो. पाणी उकळायचं, गाळायचं, मोजून मीठ घालायचं, बाटल्या भरायच्या. साहेब तोवर अंडी खायचा आणि घरी पत्र लिहायचा. मग दमणी जुंपायची. बैलांमागं गादीवर साहेब, मागच्या टोकाला मी, बाटल्या फुटू नयेत म्हणून मांडीत धरून. गावात पोचलं की मी दुभाषा. किती जुलाब झाले, कधीपासून, लघवी होते का. माणूस वाईट नव्हता. हसून बोलायचा. तहान लागली की माझ्याच हातचं पाणी प्यायचा. पण हाक मारायचा 'बॉय'. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा होतो.

गाय खाणाऱ्याला पाटील पलंगावर बसवत होते. मेलेली गाय ओढणाऱ्याचा पोरगा अंगणात उभा होता. हे गणित मला कोणत्याच शाळेत शिकवलं नाही.

त्या पुडीच्या दिवशीही साहेब एकटाच आत गेला. मी खिडकीबाहेर. पटकीच्या रोग्याची शीर बसून जाते, हाताला लागत नाही. साहेबानं एकदा टोचलं, दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा टोचलं. बाईचं कण्हणं मला बाहेर ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. साहेब दारात आला. म्हणाला, मला जमत नाही, तू ये.

पाटील दारात आडवा आला. मी सांगितलं, पाटील, घटकाभरात जाईल तुमची सून. त्यानं आत पाहिलं. त्याचा पोरगा भिंतीला टेकून रडत होता. पाटील बाजूला झाला, पण म्हणाला, "शीर धरून दे. पन पानी साहेबाचं पाह्यजे. विलायतेचं."

मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं. तो पटकन बोलला, सांग ना, विलायतेहूनच आणलंय.

आणि मी सांगितलं. माझ्याच तोंडानं. "हाव, विलायतेचं हाय."

बाई मरत होती. खरं बोलायची ती वेळ नव्हती, हे मला आजही कबूल आहे. पण आपल्या हाताचं काम आपल्याच जिभेनं दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचं, याची लाज काय असते ते मला त्या दारात कळलं. मी घोट्याजवळ चीर दिली, शीर उघडी केली, नळी बसवली. साहेबानं बाटली उंच धरली. दुसरी बाटली संपता संपता बाईनं डोळे उघडले आणि सासूला ओळखलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. बाई उठून बसली होती. ओसरीवर पाटील, त्याचे भाऊबंद, पाचपन्नास माणसं. साहेबाच्या खांद्यावर शेला, हातात नारळ. माझ्यासाठी गोठ्याजवळ पत्रावळ मांडलेली. पाटील मला म्हणाला, "साहेबाले सांग, तुह्या पान्याले देवाचा गुन हाय."

मी सांगितलं नाही. साहेब विचारत होता, काय म्हणतात ते? मी पाटलाकडं वळलो.

"ते पानी विलायतेचं नाही, पाटील. मिशनच्या विहिरीचं हाय. म्या उकळलं, म्या मीठ टाकलं, म्या भरलं. तुमच्या सुनेच्या रगतात ते आता फिरून राह्यलं."

मग हेच साहेबाला इंग्रजीत सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

मला वाटलं, आता दगड येतील. दगड आले नाहीत. पाटलानं मला गोठ्याकडं बोलावलं आणि हळूच म्हणाला, "मले पयल्याच दिवशी ठाव होतं बे. साहेब काय चूल फुकते काय? पन असं बोलाचं नसते. गावात अजून चार घरं आजारी हायेत. मस्करी केली म्हन, अन् दे पानी."

त्याला ठाऊक होतं! म्हणजे विटाळ नव्हताच. माझं पाणी त्यांना चालत होतं. माझं नाव तेवढं चालत नव्हतं. आजवर मी समजत होतो, हे लोक अडाणी आहेत, शिकले की सुधारतील. अडाणी मी होतो.

साहेबानं मला समजावलं. जीव वाचणं महत्त्वाचं, नावाचा हट्ट कशाला? खांद्यावर शेला घेऊन तो हे सांगत होता.

मी पत्रावळीला हात लावला नाही. बाटल्या उचलल्या आणि त्या चारही घरांच्या दारात जाऊन मोठ्यानं सांगितलं, पानी महाराच्या हातचं हाय, लावू का? तीन घरांनी माना खाली घातल्या आणि लावू दिलं. चौथ्या घरानं दार लावून घेतलं. मी ते दार संध्याकाळपर्यंत वाजवलं. उघडलं नाही. त्या घरचा म्हातारा दुसऱ्या दिवशी गेला. गावात अजून म्हणतात, महाराच्या माजानं मारला. म्हणोत. दार कोणी लावलं, ते मी पाहिलं आहे.

साहेब पावसाळ्याआधी विलायतेला गेला.

आता धाडच्या बाजाराच्या वाटेवर माझा दवाखाना आहे. दारात माझ्या घरचा माठ. बायको रोज भरते. येईल त्यानं आधी पेलाभर पाणी प्यायचं, मग मी नाडी बघतो. कोणाचा जीव जात असेल तर आधी बाटली लावतो, पण पाणी कोणाच्या हातचं ते अख्ख्या घराला ऐकू जाईल असं सांगून लावतो. काहीजण माठ पाहून वाटेवरूनच परत फिरतात. काहीजण पायरीवर घुटमळतात. म्हणतात, डाक्टर, पानी राहू द्या, पुडीच द्या ना.

पुडी मी ठेवत नाही.