परत आणून ठेवता ना?
लाकडाच्या भुशाचा वास आला की मला अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधली फेब्रुवारीतली एक दुपार आठवते. जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहणाऱ्या रानउंदरांवर मी तेव्हा पीएचडी करत होते. जोडीतली मादी काढून घ्यायची आणि नर काय करतो ते कॅमेऱ्यात टिपायचं, हे माझं काम. पिंजऱ्यातल्या भुशाचा वास माझ्या स्वेटरलाही यायचा. त्या दिवशी बर्फामुळे बस कॅन्सल झाल्या, म्हणून ओळखीचे एक निवृत्त डॉक्टर काका मला लॅबमधून घरी सोडायला आले. काकूंना जाऊन दीडच महिना झाला होता. मी आवरेपर्यंत ते माझ्या स्क्रीनसमोर बसले आणि म्हणाले, "हा काय शोधतोय गं?" मी कामाच्या भरात सांगत सुटले, की मादी नेली की नर आधी सगळे कोपरे हुंगतो, मग ती झोपायची तिथेच अंग मुडपून बसतो, नीट खातही नाही. काकांनी स्क्रीनवरच्या त्या नरावर बोट टेकवलेलं दिसलं तेव्हा कुठे माझी जीभ थांबली. त्यांनी विचारलं, "नंतर तिला परत आणून ठेवता ना?" प्रयोगात तसं काहीच नव्हतं. मी म्हटलं, "हो काका, ठेवतो." "बरं करता," म्हणत त्यांनी कानटोपी घातली आणि घरापर्यंत सावकाश ड्राइव्ह केलं. आता काकाही नाहीत. मी विद्यार्थ्यांना तोच प्रयोग शिकवते, आणि मादीचं पुढे काय होतं असं कोणी विचारलं, की खरं उत्तर देताना मी अजूनही त्यांच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघते.